नावाचा सौदा

ईशाची नमाज झाली आणि धाकट्या बहिणीचा फोन आला. "भाईजान, घर आ के इसकू जरा समझाओ. भिशी के पैसे हैं." तिचे घर रोशन गेटच्या आत, पायी दहा मिनिटांवर. मी पोचलो तेव्हा भाचा लॅपटॉप मांडून बसला होता आणि त्याच्या अम्मीने अजून जेवायलाही घेतले नव्हते.

मुलगा बी.कॉम. झालेला आहे. पैठण गेटजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात काम करतो. मेहनती आहे, व्यसन कसले नाही. त्याने एका वहीत चाळीस नावे लिहून काढली होती. ही सगळी इंटरनेटवरची नावे, म्हणजे डोमेन. चाळीस नावे आज आपल्या नावावर नोंदवायची आणि उद्या ज्याला गरज पडेल त्याला दहापट, शंभरपट किमतीला विकायची, असा त्याचा बेत होता. सरासरी नऊशे रुपयांप्रमाणे छत्तीस हजार लागणार होते. अम्मीला भिशीचे चाळीस हजार नुकतेच मिळाले होते. ते पैसे तिने धाकटीच्या लग्नासाठी बाजूला ठेवले होते.

"मामू, यात हरामाचे काय आहे? जमीन घेऊन विकतातच ना लोक," तो म्हणाला.

प्रश्न प्रामाणिक होता. असे प्रश्न आज अनेक घरांत विचारले जात असतील, कारण मोबाईलवर "घरबसल्या लाखो कमवा" सांगणारे व्हिडिओ प्रत्येक मुलापर्यंत पोचतात. म्हणून या महिन्याचे सदर याच विषयावर.

विकत घेतो म्हणजे काय घेतो?

आधी हे समजून घेऊ. इंटरनेटवरचे प्रत्येक संगणक-यंत्र आकड्यांनी ओळखले जाते. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी नाव वापरतात. 'डॉट कॉम', 'डॉट इन' अशा शेपटीची ही नावे म्हणजे डोमेन. एक नाव जगात एकालाच मिळते. या नावांची जगभरची व्यवस्था 1998 मध्ये स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था पाहते. आपल्या देशाच्या 'डॉट इन' नावांचा कारभार 'निक्सी' या संस्थेकडे आहे, आणि 2005 पासून ही नावे सर्वांसाठी खुली आहेत. देवनागरीत लिहिता येणारी 'डॉट भारत' ही शेपटी 2014 मध्ये सुरू झाली. म्हणजे दुकानाचे नाव मराठी अक्षरांतही नोंदवता येते.

आता मुख्य गोष्ट. नाव 'विकत घेतले' असे आपण म्हणतो, पण ते विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. एका वर्षासाठी घ्या, नाहीतर एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे. 'डॉट कॉम' नावाची मुदत संपल्यावर कंपनीगणिक काही दिवसांची सवलत मिळते. त्यानंतर तीस दिवसांची एक शेवटची संधी असते आणि तिचा दंड चांगलाच चढा असतो. ती गेली की पाच दिवसांनी नाव पुन्हा बाजारात मोकळे.

मी भाच्याला म्हटले, "बेटा, ही जमीन नाही. हा भाडेपट्ट्याचा गाळा आहे. गाळ्याची पागडी तुला कदाचित मिळेल, पण भाडे मात्र दरवर्षी नक्की भरावे लागेल. गिऱ्हाईक येवो न येवो."

मोठे आकडे आणि आपला हिशेब

त्याने लगेच मला मोठे आकडे दाखवले. ते खोटे नव्हते. अमेरिकेतल्या मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने 2019 मध्ये 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव तीन कोटी डॉलरला विकले. 'बिझनेस डॉट कॉम' हे नाव 1999 मध्ये पंचाहत्तर लाख डॉलरला गेले होते. पण ही नावे नीट पाहा. ती इंग्रजीतले छोटे, रोजच्या वापरातले शब्द आहेत आणि इंटरनेट नवे असताना कोणीतरी घेऊन ठेवलेली आहेत. आज एकट्या 'डॉट कॉम'ची पंधरा कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत. असा सोपा शब्द आज नऊशे रुपयांत मोकळा सापडणे म्हणजे गुलमंडीवर रिकामा कोपऱ्याचा गाळा सापडण्यासारखे आहे.

मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. चाळीस नावे, पहिल्या वर्षी छत्तीस हजार. नावे लगेच विकली जात नाहीत, वाट पाहावी लागते. तीन वर्षे धरली तर एक लाख आठ हजार. समजा या तीन वर्षांत दोन नावे वीस-वीस हजारांना गेली. विकून देणाऱ्या संकेतस्थळांचे कमिशन साधारण दहा ते पंचवीस टक्के असते. वीस टक्के धरा. हाती आले बत्तीस हजार. तोटा शहात्तर हजार.

"आणि एकही विकले नाही तर?" अम्मीने स्वयंपाकघरातून विचारले. भाचा गप्प राहिला.

हा धंदा करणारे लोक आहेत आणि त्यातले काही कमावतातही. पण त्यांच्या हाती गमावण्याजोगा पैसा असतो. शिवाय शब्दाची पारख वर्षानुवर्षे केल्याने आलेली असते. विकल्या गेलेल्या एका नावाची बातमी होते. मुदत संपून सोडून दिलेल्या नावांची बातमी कोणी करत नाही.

आपल्या शहराचे नाव

वहीतली चौदा नावे आपल्या शहराची होती. जुन्या नावाला आणि नव्या नावाला हॉटेल, टूर, प्रॉपर्टी, न्यूज, असे शब्द जोडलेले. भाच्याचा विचार असा की शहराचे नाव बदलले, पाट्या बदलल्या, ऑक्टोबर 2025 मध्ये रेल्वे स्थानकाचेही नाव बदलले, तेव्हा सगळ्यांना नवे पत्ते लागणारच.

या शहराला नावांची कमी कधी नव्हती. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवले ते खडकी. त्याचा मुलगा फतेह खान याच्या काळात ते फतेहनगर झाले आणि 1653 पासून औरंगाबाद. केंद्र सरकारची मंजुरी आली 24 फेब्रुवारी 2023 रोजी, तेव्हापासून शहर छत्रपती संभाजीनगर. नावाविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये फेटाळल्या. आज दोन्ही नावे लोकांच्या तोंडी आहेत. कोणी काय म्हणावे हा या सदराचा विषय नाही. आपण फक्त सौद्यापुरते पाहू.

व्यवहाराची गोष्ट अशी की इंग्रजी अक्षरांत जुने नाव दहा अक्षरांचे आहे, नवे पूर्ण नाव चोवीस अक्षरांचे. त्याला पुढे 'हॉटेल' जोडले की मोबाईलवर टाइप करताना माणूस हमखास एखादे अक्षर चुकणार. गिऱ्हाइकाला लिहिता न येणारा पत्ता कोणी मोठ्या किमतीला घेत नाही.

कायद्याच्या बाजूने मात्र ही नावे त्याच्या यादीतल्या बाकी नावांपेक्षा बरी आहेत. गावाचे नाव सहसा कोणा एकाच्या मालकीचे नसते. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराच्या नगरपालिकेने 'बार्सिलोना डॉट कॉम' या नावावर हक्क सांगितला होता. 2000 मध्ये लवादाने निकाल नगरपालिकेच्या बाजूने दिला. पण 2003 मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तो फिरवला. नुसते गावाचे नाव हे व्यापारचिन्ह होत नाही, असे तिथल्या कायद्याप्रमाणे ठरले. पण सूट एवढीच आहे. शहराच्या नावाला महानगरपालिका, पोलीस, विद्यापीठ असे शब्द जोडून सरकारी वाटेल असा पत्ता करणे वेगळे. त्यात लोकांची फसवणूक आहे. भाच्याच्या चौदापैकी चार नावे अशी होती. "मी काय फसवणार आहे मामू?" तो म्हणाला. मी विचारले, "तू नाही. पण तू ज्याला विकशील तो ते कशाला घेईल?"

बँकांच्या बाबतीत हेच झाले. खऱ्या बँकेसारखे दिसणारे पत्ते करून लोकांना इतके लुबाडले गेले की रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2025 मध्ये भारतीय बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' अशी वेगळी शेपटी जाहीर केली. सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत त्यावर जायला सांगितले. घरातल्या मोठ्यांना हे जरूर सांगून ठेवा. बँकेचा पत्ता उघडताना शेपूट वाचायची.

दुसऱ्याचे नाव

वहीचे शेवटचे पान मात्र मला खटकले. तिथे अकरा नावे होती आणि ती सगळी आपल्या ओळखीच्यांची होती. नान-कलियाचे एक जुने हॉटेल, एक दातांचे डॉक्टर, हिमरूचे एक विणकर घराणे, एक कोचिंग क्लास, दोन मंगल कार्यालये. यांपैकी बहुतेकांचे संकेतस्थळ नाही. भाच्याने शोधून पाहिले होते की नावे मोकळी आहेत. "आज ना उद्या त्यांना लागणारच. तेव्हा माझ्याकडेच यावे लागेल."

हा धंदा नवा नाही. त्याच्यावर न्यायालयांचे निकालही जुने आहेत. मुंबईच्या रेडिफ कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून कोणी 'रॅडिफ डॉट कॉम' नोंदवले होते. निरनिराळ्या इंग्रजी शब्दांची अक्षरे जुळवून आम्ही हे नाव बनवले, असा बचाव त्यांनी केला. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये तो मानला नाही. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे 2004 मध्ये सत्यम इन्फोवे कंपनीच्या 'सिफी' या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्याकडे डोमेनसाठी वेगळा कायदा नसला तरी दुसऱ्याच्या नावाच्या पुण्याईवर आपला माल खपवू नये हा जुना नियम डोमेनलाही लागू आहे, असा निकाल झाला.

न्यायालयात न जाताही नाव परत घेता येते. 'आयकॅन'ने 1999 मध्ये यासाठी लवादाची पद्धत घालून दिली. 'डॉट इन'साठी निक्सीचीही तशीच पद्धत आहे. तिथे तक्रारदाराला मुख्यतः तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव त्याच्या चिन्हाशी जुळणारे किंवा गोंधळ उडवणारे आहे, नोंदवणाऱ्याचा त्या नावाशी खरा संबंध नाही, आणि नियत खोटी आहे. मूळ मालकालाच चढ्या किमतीला विकण्यासाठी नाव घेणे, हे खोट्या नियतीचे उदाहरण म्हणून नियमातच लिहिलेले आहे. म्हणजे भाच्याचा सगळा बेत हाच नियमाप्रमाणे त्याच्याविरुद्धचा पुरावा. तक्रार मंजूर झाली की नाव जाते आणि भरलेले पैसेही जातात.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही हेच. 2023 मध्ये दिल्लीच्या एका तरुणाने जिओ आणि हॉटस्टार एकत्र येतील असा अंदाज बांधून दोन्ही नावे जोडलेले डोमेन घेतले. अंदाज बरोबर निघाला. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याने त्याच पानावर जाहीर पत्र लिहून कंपनीकडे आपल्या परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. देशभर चर्चा झाली. कंपनीने मागणी मानली नाही आणि कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, असे त्यानेच पुढे सांगितले. नंतर ते नाव दुबईतल्या एका कुटुंबातल्या मुलांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. फेब्रुवारी 2025 मध्ये सेवा त्या जोडनावानेच सुरू झाली. त्या मुलाची हुशारी खरी होती, पण नाव पहिल्या दिवसापासून दुसऱ्याचे होते.

ज्याचे नाव गेले, त्याचे काय?

कायद्याने भाचा घाबरला, पण पटले असे वाटले नाही. "हॉटेलवाले कुठे जाणार आहेत लवादाकडे?" तो पुटपुटला. ते खरेही होते. परदेशी लवादाची फी एका पंचासाठी पंधराशे डॉलर आहे. एवढे पैसे कोणता छोटा दुकानदार भरणार? म्हणजे मोठ्याचे नाव घेतले तर आपले नुकसान आणि गरिबाचे घेतले तर त्याचे. तेव्हा मी त्याला आमच्याच घरातली गोष्ट सांगितली.

माझ्या चुलतभावाचे कापडाचे दुकान आहे. हिमरूच्या शाली, मश्रू, चादरी. 2017 मध्ये त्याने एका माणसाकडून संकेतस्थळ करून घेतले. त्या माणसाने दुकानाचे डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने नोंदवले. भावाला यातले काही कळत नव्हते. पैसे दिले, पावती घेतली, झाले. हैदराबाद, पुणे इथून गिऱ्हाइके येऊ लागली, बाहेर राहणारे लोक लग्नासाठी शाली मागवू लागले. पिशव्यांवर, कार्डांवर, खोक्यांवर तोच पत्ता छापला.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडले आणि त्या माणसाचे वार्षिक पैसे थकले. दुकान पुन्हा उघडल्यावर भाऊ पैसे द्यायला गेला, तर मागणी तीस हजारांची. नाव माझ्या नावावर आहे, हवे असेल तर घ्या. भावाकडे तेव्हा विणकरांची मजुरी द्यायलाही पैसे नव्हते. त्याने नकार दिला. काही महिन्यांनी मुदत संपली, नाव सुटले आणि कोणा परक्याने ते उचलले. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने एके दिवशी फोन करून विचारले, "भाई, तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती कशा येतात?"

आमच्या चाचांनी पन्नास वर्षांत कमावलेले नाव होते ते. त्यांनी दुकानात कधी तंबाखूही विकू दिली नव्हती. त्या रात्री चाचा एक शब्द बोलले नाहीत. भावाने पुढे मध्ये एक आडवी रेघ घालून दुसरा पत्ता घेतला, कार्डे पुन्हा छापली. पण जुन्या पिशव्या आजही लोकांच्या घरात आहेत आणि त्यांच्यावर जुना पत्ताच आहे.

भाच्याने हे ऐकले. चाचा त्याच्या अम्मीचेही चाचा, त्यालाही ते माहीत होते. थोड्या वेळाने त्याने पेन उचलले आणि शेवटच्या पानावर तिरकी रेघ मारली. अकराच्या अकरा.

मग हा व्यवहार जायज की नाजायज?

नावाला किंमत असू शकते का, यावर आलिमांनी विचार केलेला आहे. जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर 1988 मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला की व्यापारी नाव, व्यापारचिन्ह, लेखन, शोध यांचे हक्क हे आजच्या व्यवहारात मालमत्तेसारखे आहेत. त्यांची खरेदी-विक्री होऊ शकते, पण धोका आणि फसवणूक नसेल तरच. आणि हे हक्क दुसऱ्याने हिरावून घेऊ नयेत, हेही त्याच ठरावात आहे. ठराव दोन्ही बाजूंनी बोलतो हे लक्षात घ्या. नाव ही मालमत्ता असेल, तर दुसऱ्याचे नाव ही दुसऱ्याची मालमत्ता झाली.

बाकी नियम आपल्याला बाजारातून माहीत आहेतच. जे ताब्यात नाही ते विकू नये, म्हणजे नोंदवण्याआधीच सौदा करू नये. खोटी बोली लावून किंमत चढवू नये. मित्राला खोटे गिऱ्हाईक बनवून उभे करू नये. दुसऱ्याच्या अडचणीचा भाव करू नये. बारीक प्रश्न असेल तर आपल्या मोहल्ल्यातल्या जाणकार मुफ्तींना पूर्ण व्यवहार समजावून विचारा, अर्धा नाही.

चाळीसपैकी किती उरली?

मग आम्ही यादी पुन्हा पाहिली. नऊ नावे नुसत्या फॅशनच्या शब्दांची होती, कोणीतरी व्हिडिओत सांगितले म्हणून लिहिलेली. ती गेली. दुसऱ्यांची अकरा आधीच गेली होती. शहराच्या चौदातून सरकारी वाटणारी चार गेली. उरलेल्या दहांत आठ इतकी लांब होती की भाच्यालाच ती न पाहता लिहिता येईनात. दोन ठेवली. साध्या व्यवसायाच्या शब्दांची सहा नावे होती, त्यांतली तीन बरी वाटली. एकूण पाच.

पाच नावांचे साडेचार हजार त्याने स्वतःच्या पगारातून भरले. भिशीचे चाळीस हजार अम्मीच्या कपाटात परत गेले. दोन वर्षे वाट पाहायची, नाही विकली तर सोडून द्यायची, असे वहीत लिहून ठेवले.

पण गोष्ट इथे संपली नाही. पुढच्या रविवारी तो त्या अकरा जणांपैकी तिघांकडे गेला. "चाचा, तुमच्या दुकानाचे नाव मोकळे आहे. कोणी घेण्याआधी तुमच्या नावावर करून देतो. नावाचे पैसे कंपनीला, माझी मेहनत हजार रुपये." हॉटेलवाल्यांनी चहा पाजला आणि लगेच हो म्हटले. कोचिंगवाल्या सरांनी नोंदणी करून घेतली, वर पानही बनवायला सांगितले. तिसऱ्यांनी हाकलले. तीन भेटींत दोन हजार रुपये, आणि त्यात कोणाचे काही अडवले नाही. आता तो दर रविवारी जातो. चाळीस नावे घेऊन वाट पाहत बसला असता, तर हे दोन हजार कधी आले असते?

आपल्या घरासाठी

वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांच्या घरात दुकान, शिकवणी, शिवणकाम, मसाले, केटरिंग, कसलाही छोटा व्यवसाय आहे, त्यांनी या गोष्टी आजच तपासाव्यात.

संकेतस्थळ कोणीही बनवो, डोमेनचे खाते तुमच्या नावाने आणि तुमच्या ईमेलने हवे. पासवर्ड तुमच्याकडे हवा. आधीच दुसऱ्याने नोंदवले असेल तर संबंध चांगले आहेत तोवर ते आपल्या खात्यावर करून घ्या.

मुदत कधी संपते ते घरच्या कॅलेंडरवर लिहा. एकदम तीन-चार वर्षांचे भरले तर चुकण्याची शक्यता कमी होते. पहिल्या वर्षी स्वस्त दिसणारे नाव दुसऱ्या वर्षी कितीला पडते, हे घेण्याआधी वाचा.

नाव ठरवण्याआधी ते दुसऱ्या कोणाचे व्यापारचिन्ह नाही ना, हे सरकारच्या व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. आपले नाव चालू लागले असेल तर तेही नोंदवा. एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. पैठणीसारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाचे नाव वापरायचे तर माल खरा हवा.

आणि फसवणुकीपासून सांभाळा. "तुमचे डोमेन आम्ही पाच लाखांना घेतो, फक्त आधी किमतीचा दाखला काढा," असा ईमेल आला तर तो दाखल्याची फी उकळणारा ठग आहे. "चीनमध्ये कोणी तुमचे नाव नोंदवत आहे, लगेच पैसे भरा," हाही तोच प्रकार. खरोखर विकायचे झाले तर पैसे मधल्या विश्वासू सेवेकडे जमा झाल्याशिवाय नावाचा हस्तांतर-कोड कोणाला देऊ नका. आलेला नफा हे उत्पन्न आहे, ते आयकरात दाखवा.

मुले नव्या वाटा शोधतात, शोधू द्या. त्यांना रागावून वही बंद करायला लावू नका. वहीच्या मागच्या पानावर त्यांच्यासोबत बसून हिशेब मांडा, आणि एक प्रश्न विचारायला शिकवा: हे जे मी विकणार आहे, ते माझे आहे का? आमच्या भाच्याने त्याचे उत्तर स्वतः पेन उचलून दिले. त्या रात्री त्याच्या अम्मीने दोघांची ताटे एकत्र वाढली आणि स्वतःही जेवायला बसली.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.